उणे सात मुले

आमच्या सोसायटीच्या कोजागरीला १५७ मोठी माणसे आणि उणे सात मुले जेवली, असा हिशोब मी कार्यकारिणीच्या बैठकीत लेखी सादर केला. खाली सही केली, तारीख घातली आणि सोसायटीचा शिक्का मारला. शिक्क्याची गरज नव्हती. पण खजिनदार झाल्यापासून तो माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो आणि मला तो मारायला आवडतो.

चिटणीसांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला.

"उणे सात मुलं म्हणजे नक्की कोण हो?"

"ते गणितात आलंय," मी म्हणालो.

"गणितात आलं असेल. पावभाजीला आलं होतं का?"

मी खजिनदार कसा झालो, हे आधी सांगायला हवे. दहावीला आमच्या वेळी गणित दीडशे गुणांचे असे. पंचाहत्तरचे बीजगणित, पंचाहत्तरची भूमिती. त्यात मला १३४ पडले होते. ही माहिती मी बरीच वर्षे लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि पाण्याचा टँकर येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात लोकांना पुरवत आलो. परिणामी वार्षिक सभेत खजिनदारपदासाठी नाव सुचवा म्हटल्यावर सगळे एकदम माझ्याकडे वळले. त्यात आदर होता की सूड, हे मी अजून ठरवलेले नाही.

कोजागरीची कूपने मीच छापून घेतली. मोठ्यांना १५० रुपये, लहानांना १००. पैसे मोबाइलवरून घेऊ या, आपोआप यादी होईल, असे चौथ्या मजल्यावरचा एक तरुण म्हणत होता. मी त्याला समजावले की रोखीत हिशोब सोपा राहतो. मग काउंटरफॉइलची पुस्तके मी नीट, सुरक्षित, कोणाच्या हाताला लागणार नाहीत अशी जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ठेवली. दिवाळीच्या साफसफाईत तो गठ्ठा रद्दीत गेला. रद्दीवाल्याच्या काट्यावर तो ठेवलाही मीच, आणि वजनात मारतो म्हणून त्याच्याशी भांडलोही मीच.

दोन दिवसांनी केटररचा फोन आला. "साहेब, मोठे किती, लहान किती तेवढं सांगा. बिल करतो." त्याचा दर होता मोठ्यांना १२०, लहानांना ८०.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मला मात्र मनातून आनंद झाला. शाळा सुटल्यापासून ज्या प्रसंगाची मी वाट पाहत होतो तो आला होता. आयुष्याने मला दोन अव्यक्ते दिली होती. एक पाठकोरा कागद घेतला आणि लिहिले: मोठ्या माणसांची संख्या क्ष मानू. लहान मुलांची संख्या य मानू. डब्यात जमलेली रक्कम होती २२,८५०. म्हणून

१५०क्ष + १००य = २२,८५०.

इथे थोडा थांबलो, कारण एका समीकरणावर दोन अव्यक्ते सुटत नाहीत. ५१ मोठे आणि १५२ लहान घेतले तरी रक्कम जुळते. १०१ मोठे आणि ७७ लहान घेतले तरी जुळते. १५१ मोठे आणि फक्त दोन लहान, तरीही. मोठ्यांची संख्या विषम आहे एवढेच मी खात्रीने सांगू शकत होतो आणि केटररला तेवढ्यावर बिल करता येईना.

दुसरे समीकरण शोधायला मी ड्रॉवर उपसला. बँकेत रोख भरल्याची पावती सापडली. तिच्यावर आकडा होता २२,८५०. उत्साहाच्या भरात मी तेही समीकरण खाली लिहिले आणि एकातून दुसरे वजा केले. उत्तर आले, शून्य बरोबर शून्य. ते खोटे नव्हते. आलेखावर काढायचे तर एका रेषेवरच दुसरी रेष बसली असती आणि रेषेवरचा प्रत्येक बिंदू उत्तर म्हणून हात वर करून उभा राहिला असता. डब्याने जे सांगितले तेच बँकेने सांगितले होते. बँकेचा शिक्का जरा अधिक गोल होता, एवढाच फरक.

शेवटी केटररलाच विचारले, प्लेटा किती लागल्या? तो म्हणाला, पन्नासाची तीन पाकिटे आणली होती, एकही उरली नाही. क्ष + य = १५०. झाले! हे खरे दुसरे समीकरण. याला पैशांशी काही देणेघेणे नव्हते, म्हणून त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी नवे होते.

पुढचे काम मी जेवणाच्या टेबलावर, मुलीदेखत केले. ती यंदा दहावीला आहे आणि तिच्या गणित भाग एकचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. तिला कळावे की ही विद्या नुसती परीक्षेपुरती नसते. खालचे समीकरण शंभराने गुणले: १००क्ष + १००य = १५,०००. वरच्यातून वजा केले. य चा लोप झाला. उरले ५०क्ष = ७,८५०, म्हणून क्ष = १५७.

"बाबा, प्लेटा दीडशेच आहेत ना?" मुलगी म्हणाली.

"पुढे बघ," मी म्हणालो, आणि पुढे य = –७ आले.

कोणीही सुज्ञ माणूस इथे हिशोब सोडून माणसांकडे वळला असता. मी क्रेमरकडे वळलो. गॅब्रिएल क्रेमर हा जिनिव्हाचा. अठराव्या वर्षी डॉक्टरेट मिळवलेला, आणि १७५० साली त्याने वक्रांवरच्या आपल्या ग्रंथात निश्चयकांची ती प्रसिद्ध रीत दिली. लोप करताना माझा हात चुकला असेल, पण क्रेमर चुकणार नाही. सहगुणकांचा निश्चयक काढला: पन्नास. क्ष साठीचा आला ७,८५०. य साठीचा आला उणे ३५०. भागाकार केला. १५७ आणि उणे सात. क्रेमरच्या रीतीतला एक गुण असा की चूक झाली असेल तर ती अगदी शिस्तीत, दोन उभ्या रेघांच्या आत येते.

मग आलेख कागद. मुलीने प्रमाण ठरवून दिले. दोन्ही रेषा पहिल्या चरणात एकमेकींकडे येत होत्या, पण भेटेनात. क्ष अक्ष ओलांडून खाली चौथ्या चरणात गेल्या आणि तिथे, जिथे मी प्रमाण लिहिले होते त्या अक्षरांवरच, एकमेकींना छेदल्या.

"गणित बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "माहिती एकदा तपासा."

माहिती तपासायच्या ऐवजी मी ताळा केला. १५७ आणि उणे सात मिळून १५०. बरोबर. १५७ गुणिले १५० म्हणजे २३,५५०, त्यातून सातशे वजा, २२,८५०. बरोबर. ताळा जमला की विषय संपला, हे शाळेने माझ्या हाडात घातले आहे. शिवाय पायऱ्यांना गुण असतात. उत्तर कसेही येवो, पायऱ्या स्वच्छ असल्या की पाचपैकी चार कुठे जात नाहीत. त्या विश्वासावर मी सही केली.

बैठकीत अर्थातच पायऱ्यांना गुण नव्हते. अध्यक्ष म्हणाले, "हे समीकरण वगैरे काय ते सगळ्यांना समजेल असं सांगा." मला हवेच होते. मी त्यांना महावीराचार्यांचे उदाहरण सांगितले. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात असे एक गणित आहे की नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची किंमत १०७, आणि सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची १०१. तर एकेकाची किंमत काय? दोन्हींची बेरीज केली की सोळा महाळुंगे आणि सोळा कवठे २०८ ला, म्हणजे एक जोडी तेराला. वजाबाकी केली की दोन महाळुंगे दोन कवठांपेक्षा सहाने महाग, म्हणजे एकाला तीन जास्त. महाळुंग आठ, कवठ पाच.

इतके सुंदर गणित मी इतक्या सुबकपणे कधीच मांडले नव्हते. क्षणभर शांतता पसरली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कवठ पाचला? कुठे मिळतं?" तिथून चर्चा कवठाच्या चटणीत गूळ किती घालायचा याकडे गेली, तिथून महाशिवरात्रीला बाजारात येणारी कवठे कच्ची असतात या विषयावर. महाळुंग कोणीच पाहिले नव्हते. चहा आला. मला वाटले उणे सात विसरले असतील.

विसरले नव्हते. एक म्हणाले, ती मुले मामाकडे गेली असतील. दुसरे म्हणाले, तसे असेल तर त्यांचे सातशे रुपये परत द्यायला हवेत. काकूंचे मत पडले की खाऊन गेलेल्या मुलांनी प्लेटा परत आणून ठेवल्या असतील.

मी ऋणसंख्यांची बाजू लढवायला उभा राहिलो. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'गणिताची नऊ प्रकरणे' या ग्रंथाचे आठवे प्रकरण अशाच समीकरणांचे आहे. तिथे पाटावर काड्या मांडून हिशोब करत. इसवी सन २६३ मध्ये त्यावर टीका लिहिणारा ल्यू हुई सांगतो की धन संख्येला लाल काड्या, ऋण संख्येला काळ्या. मधल्या पायरीत काळ्या काड्या आल्या तर कोणी दचकत नसे. तेव्हा आपणही दचकू नये.

चिटणीस निवृत्त शिक्षक आहेत, आणि हे मी विसरलो होतो. ते म्हणाले, "आणि आपले भास्कराचार्य? माकडांचं गणित आठवतं?"

आठवत होते, पण सांगायचे नव्हते. ११५० च्या बीजगणितात ते आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. एक तेवढे फांदीवर दिसते आहे. एकूण किती? हे वर्गसमीकरण आहे. उत्तरे दोन येतात, पन्नास आणि पाच. पण पाच धरली तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन माकडे. भास्कराचार्यांनी ते उत्तर बाजूला ठेवले. अशा उण्या संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे कारण दिले.

"लोकांचा," चिटणीस माझ्याकडे बघून म्हणाले.

भास्कराचार्यांचे मत सभेने एकमताने स्वीकारले. त्याला सूचक होते, अनुमोदकही होते. माझा कागद परत माझ्याकडे सरकवण्यात आला.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे आजोबा, जे इतका वेळ डोळे मिटून बसले होते, म्हणाले, "माझे दोन हजार त्यात धरलेत काय?"

"कुठले दोन हजार?"

"अरे, दुधासाठी म्हणून देणगी दिली की तुझ्या हातात. तू पातेल्यात चंद्र दिसतोय का बघत होतास."

मी तो बघत होतो, हे खरे. नोटा न बघताच डब्यात टाकल्या असणार. २२,८५० वजा दोन हजार, २०,८५०. तिथल्या तिथे कागदाच्या मागे केले: त्यातून पंधरा हजार गेले, उरले ५,८५०, भागिले पन्नास. मोठे ११७. मुले ३३. दोन्ही पूर्णांक, दोन्ही धन, दोन्ही पावभाजी खाऊ शकतील असे. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मी नवा कागद करून त्यावर शिक्का मारला, या वेळी दोन ठिकाणी.

केटररला आकडे कळवण्याआधी त्याचे बिल किती व्हायला हवे ते मी काढून ठेवले. आमचे दर १५० आणि १००, त्याचे १२० आणि ८०. म्हणजे त्याचा प्रत्येक दर आमच्या दराच्या चार पंचमांश, तेव्हा बिलही आमच्या रकमेच्या चार पंचमांश: १६,६८०. मला क्ष आणि य माहीत नसते तरी एवढे सांगता आले असते, याचा मला फार अभिमान वाटला.

केटरर बिल घेऊन स्वतः आला. बिल होते १७,४०० रुपयांचे.

मला प्रथम वाटले, आकडेमोड चुकली. मग लक्षात आले की हे त्याहून वाईट आहे. दोन समीकरणांच्या डाव्या बाजू एकाच प्रमाणात आणि उजव्या बाजू त्या प्रमाणात नाहीत, म्हणजे रेषा समांतर. मोठ्यांची आणि लहानांची जगातली कुठलीही संख्या घ्या, उणी घ्या, अपूर्णांकात घ्या, माझा डबा आणि त्याचे बिल एकदम खरे ठरणार नाही. उकल नाही. "तुम्ही आणि आम्ही समांतर आहोत," मी त्याला सांगितले. त्याला वाटले मी पैसे द्यायला नाही म्हणतो आहे.

अध्यक्षांनी मध्यस्थी केली. तुमचे १६,६८०, यांचे १७,४००, मध्ये तोडू, १७,०४० करून टाका. लजांड्र या फ्रेंच गणितीने १८०५ मध्ये किमान वर्गांची रीत छापली. एकच राशी दोघांनी दोन मापांत सांगितली, तर त्या रीतीने बरोबर मधलाच आकडा येतो. अध्यक्षांनी लजांड्र वाचलेला नव्हता. त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. मी हे सगळे कौतुकाने बोलून दाखवले. केटरर म्हणाला, "साहेब, लजांड्र कोण ते मला माहीत नाही. माझ्या पोऱ्याने काउंटरवर रेघा मारल्यात. मोठे एकशे पस्तीस, लहान पंधरा."

१३५ आणि १५. बेरीज दीडशे. १२० आणि ८० च्या दराने १७,४००. त्याचाही ताळा जमत होता.

मी त्याला माझे ११७ आणि ३३ दाखवले. त्याने शांतपणे विचारले, "हे तेहतीस लहान कशावरून?"

"लहान कूपनांवरून."

"आम्ही कूपन बघत नाही. प्लेट बघतो. तुमच्याकडची काही लहान मुलं माझ्यापेक्षा उंच आहेत."

इतका वेळ मी लोप, क्रेमर, आलेख, चीन आणि अमोघवर्षाचे राज्य एवढी भ्रमंती केली होती. खोट मात्र माझ्या पहिल्या ओळीत होती, त्या 'मानू'मध्ये. माझा क्ष कूपनाचा होता, त्याचा क्ष भुकेचा. दोघांनीही एकच अक्षर वापरले म्हणून ते एकच माणूस होत नव्हते. आणि कूपनावर लहान म्हणजे किती वर्षांपर्यंत, हे कोणी छापले नव्हते. अध्यक्षांनी नोटिशीचा मजकूर कोणी केला होता, असे विचारले. नोटीस काढून पाहिली. मजकुराखाली सही होती. ती माझीच होती.

मुलगी कोपऱ्यात गृहपाठ करत बसली होती. तिने वही माझ्यापुढे सरकवली. तिसरे अव्यक्त घ्या, म्हणाली. ज्यांनी लहान कूपन घेतलं आणि मोठ्यासारखं खाल्लं ते झ. मग समीकरणे तीन झाली. तिघांची बेरीज दीडशे. आमच्या डब्यात झ शंभराने धरायचे, केटररच्या बिलात १२० ने. भास्कराचार्य असते तर यांना यावत्तावत्, कालक आणि नीलक म्हणाले असते, असे मी सांगितले. ते अव्यक्तांना रंगांची नावे देत, काळा, निळा, पिवळा. अध्यक्षांनी लगेच टिपून घेतले की पुढच्या वर्षी कूपने तीन रंगांत काढावीत.

त्या चिनी आठव्या प्रकरणातले पहिलेच गणित तीन अव्यक्तांचे आहे, उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ धान्याच्या पेंढ्यांचे. तिथे उत्तरे येतात सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन. धान्यात पाव निघाला तर चालतो. आम्हाला तो भाजीबरोबरच परवडतो. मी श्वास रोखून बघत राहिलो. पहिल्या दोन समीकरणांतून क्ष ११७ आला, य आणि झ मिळून ३३. तिसऱ्यात घातले: ८०य + १२०झ = ३,३६०. तेहतीस गुणिले ऐंशी, २,६४०. उरले ७२०. भागिले चाळीस.

झ = १८. य = १५.

अपूर्णांक नाही, ऋण नाही, आणि केटररच्या पोऱ्याच्या रेघांशी तंतोतंत. वादातले ७२० रुपयेही नेमके तेच, अठरा गुणिले चाळीस. मी केटररशी हात मिळवला. एवढे निर्दोष उत्तर मला बोर्डाच्या पेपरातही आले नव्हते, आणि हे तर मी काढलेलेही नव्हते.

चिटणीसांनी ठराव मांडला की या अठरा जणांच्या पालकांकडून कूपनातला फरक, प्रत्येकी पन्नास रुपये, वसूल करावा. म्हणजे नऊशे जमतील, केटररला ७२० जास्तीचे देऊन वर १८० शिल्लक. खजिनदार म्हणून मी उत्साहाने अनुमोदन दिले. नियम म्हणजे नियम, असेही म्हणालो. पोरे आईबापांच्या खांद्याला लागली तरी शंभराचे कूपन घेणाऱ्या पालकांच्या वृत्तीबद्दल दोन वाक्ये बोललो, आणि यादी करायला पेन उघडले.

"पहिलं नाव सांगा."

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझं कूपन कुठलं होतं?"

मी खिशातून पन्नासची नोट काढून टेबलावर ठेवली. केटरर ती उचलता उचलता म्हणाला, "ताईंनी जास्तीचे पाव दोनदा घेतले होते, साहेब. ते मी धरलेले नाहीत."